सारं एकाच पंपात

नांदुरा, ३ डिसेंबर २०१७

प्रिय इंद्रभान यास रहेमतुल्लाचा सलाम, आणि तुझ्या दारातल्या कडुनिंबाला रामराम.

आधी हिशेब सांगून टाकतो. काचेच्या टाकीत एक मापटं ओतायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या त्या अर्ध्या मिनिटाला मदिहाची तीन वर्षं, अकरा प्रवाळं, एक मोटर आणि नसीमाचं माझ्याशी बोलणं एवढं गेलं. (बोलणं परत येईल. निकाह झाल्यापासून नसीमाला गप्प राहणं जास्त दिवस झेपलेलं नाही.)

सत्यभामावहिनींचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? तुझ्या पऱ्हाटीची खुशाली मात्र विचारत नाही. यंदा कोणत्याही गावचं कापसाचं बोंड फोडा, आत तीच गुलाबी अळी आपल्याआधी जेवून बसलेली. फोन तू उचलत नाहीस. धामणगाव बढ्याला रेंज नसेल असं धरून चालतो आणि हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो.

मदिहाची टाकी तुला ठाऊकच आहे, तिची पाइपलाइन तूच बसवलीस. पोरगी रत्नागिरीहून मत्स्यशास्त्र शिकून आली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, बियाण्याच्या थैल्या आणि फवाऱ्याच्या औषधांशेजारी, सहा फुटी काचेत समुद्र मांडून बसली. आता मुंबईला नोकरीला लागली, तेव्हा समुद्र माझ्या हवाली झाला. पंचवीस तारखेला ती घरी येते आहे. मासा मेला तर उताणा होऊन सांगतो तरी. प्रवाळाचं तसं नाही. ते दगडासारखं दिसतं, पण असतं जित्राब, आणि दिवसरात्र स्वतःचं हाड बांधत असतं. त्याला पाण्यातला चुना लागतो (कॅल्शियम), आणि तो चुना अंगी लागायला पाण्यात बेताचा खार लागतो (मदिहा त्याला अल्कलिनिटी म्हणते, पूर्णाकाठी जन्मलेल्या माणसाला खार हा शब्द पुरतो). दोन्ही रोज थोडं संपतं, रोज थोडं भरायचं. लाल झाकणाची बाटली चुन्याची, निळ्या झाकणाची खाराची. जाताना तिने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: दोन्ही बाटल्या कधीच एकत्र करू नका.

पहिली अक्कल मी पाण्यात चालवली. टाकीतलं पाणी रोज बादलीभर उडून जातं, ते फिल्टरच्या पाण्याने भरायचं. मी म्हटलं, समुद्राला खारंच पाणी हवं ना, मग खारपाणपट्ट्यातल्या माणसाने गोडं पाणी विकत का आणावं? आपल्या बोअरचं पाणी वाफ्यात दिलं तर मातीवर पांढरा पापुद्रा धरतो, एवढा खार समुद्राच्या बापाकडे नसेल! दहा दिवस बोअरचं भरलं. माझे कान तुला माहीत आहेत, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर गल्ल्यावर बसून मी त्याचं बेअरिंग सांगतो. अकराव्या दिवशी टाकीची मोटर घोगरी बोलायला लागली. उघडून पाहिली तर आत चुन्याचं पुट. मदिहाच्या डब्यातलं औषध थेंब थेंब टाकून पाणी तपासलं: खार चढलेला, चुना उतरलेला. फोन केला. ती म्हणाली, अब्बू, बोअर आधी बंद करा. लाल बाटली धारेने नाही, थेंबाने. निळीला आठवडाभर हात लावू नका.

मी तसंच करणार होतो. खरंच करणार होतो. पण यंदा मागची खोली भरलेली असते. वेचायला काही नाही म्हणून माणसं दुकानात येतात, काही घेत नाहीत, माशांसमोर बसून राहतात. एक जण तर दोन तास बसला आणि जाताना माशांकडे बोट करून एवढंच म्हणाला की यायचं बरं हाय, यायले बोंडअळी नाही. त्या दिवशी मी चमच्याने लाल बाटली मोजत होतो आणि उंद्रीचा गुलाबराव मागून बोलला, "काऊन हो शेठ, आमाले त सारं एकाच पंपात टाका म्हनता. अळीचं औषध, टॉनिक, खत, सारं एकाच फवाऱ्यात. अन् पोरीच्या बाटल्या अलग अलग काऊन?"

खोली हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल, ती माझ्यावर. इंद्रभान, सायकलच्या कॅरिअरवर बियाण्याची थैली बांधून मी धंदा सुरू केला तो तू पाहिला आहेस. कोणाचा आधार नव्हता. नाव झालं ते या मिक्शरमुळेच, एका फेरीत तीन फेऱ्यांचं काम. बावीस वर्षांत माझ्या मिक्शरची तक्रार घेऊन एक माणूस दुकानाची पायरी चढला नाही. तेच मी गुलाबरावला ऐकवलं, आणि सगळ्यांदेखत दोन्ही बाटल्या एका मापट्यात ओतल्या.

मापट्यात दही झालं. पांढरं, घट्ट, विरजल्यासारखं. तिथेच थांबायला हवं होतं, पण अकरा माणसं बघत होती. मी ते टाकीत ओतलं. काचेआड दूध पसरलं, आणि गुलाबराव म्हणाला, "पाहा बे, मासे दुधात पोहून राह्यले." या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूध खाली बसलं, सगळ्यावर खडूची भुकटी, आणि आधीच घोगरी झालेली मोटर जळाली ती बदलावी लागली. चौथ्या दिवशी जांभळ्या प्रवाळाची कातडी सुटायला लागली आणि खालून पांढरं हाड दिसलं. मग पिवळं. मग ते पंख्यासारखं. चौदांपैकी तीन उरलेत.

गुरुवारी मी बसस्टँडवर पेपर वाचत होतो. पेपरच्या पलीकडे सत्यभामावहिनी तुमच्या गावच्या गोजरबाईंशी बोलत होत्या. म्हणत होत्या, "रहेमतभाऊनं सांगतलं तसंच यायनं एका पंपात टाकलं. पानं करपले. मी म्हनलं, जाऊन सांगा. त म्हनते, दोस्त हाय, त्याले काय सांगू." मी पेपर खाली घेतला नाही. बस गेली तरी घेतला नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. वहिनींना सलाम.

तुझा,
रहेमतुल्ला

ता. क. ठिबकमध्ये तुझ्याइतका हात तालुक्यात कोणाचा नाही. बारीक नळी आणि दोन कॉक घेऊन ये. लाल बाटली टाकीच्या या टोकाला, निळी त्या टोकाला, दोन्ही थेंबाथेंबाने. मदिहा येईपर्यंत तीन तरी वाचायला हवीत. मला थेंबाने काही देता येत नाही, हे आता सिद्ध झालं आहे.

ता. क. दुसरा. मदिहाच्या भिंतीवरची ओळ मी खडूने दुकानाच्या पुढच्या फळ्यावर उतरवली आहे. काल गुलाबरावने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मंग आधीचं?" मी त्याला चहा दिला.

ता. क. तिसरा. तक्रार घेऊन कोणी पायरी चढलं नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं नाही. काल बसून चेहरे आठवले. ज्यांचं करपलं, ते पुन्हा दुकानात आलेच नाहीत. तू दसऱ्यापासून आलेला नाहीस.