रामभाऊ, तुझी आई आली आहे

झिंडेलफिंगेन,
रविवार, सकाळ

प्रिय रामभाऊ,

तुझी आई आली आहे. आत्ता घरात नाही. आपली घरमालकीण फ्राऊ केलर तिला बसनं श्टुटगार्टला घेऊन गेलीय. तिथं स्पॅनिश कामगारांसाठी त्यांच्या भाषेत प्रार्थना असते म्हणे. दुपारी दोघी परत येतील, आणि मग तुझ्या आईला तुझ्या थडग्यावर जायचंय. फुलं कालच आणून बादलीत ठेवलीत तिनं. आणि लेका, तुला थडगंच नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून लिहायला बसलोय. बोलू कुणाशी? या मुलखात माझं बोलायचं माणूस एकच होतं. मराठी तुला येत नव्हती हे खरं. 'जेवलास का', 'आलो रे' आणि मी शिकवलेल्या दोन शिव्या, एवढीच तुझी मराठी. पण कबुलीजबाब काय जर्मनमध्ये लिहू? त्या भाषेत मी फार तर रजेचा अर्ज लिहितो.

तुझं नाव रामिरो. कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडात ते किती दिवस टिकणार? आठवड्यात तुझा रामभाऊ झाला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तो उकडलेला बटाटा पुढ्यात घेऊन मी बसलो होतो, खिशातून तिखटाची पुडी काढली, आणि समोरून एक सावळा हात पुढे आला. ओळख नाही, पाळख नाही! सगळी पुडी पालथी केलीस बटाट्यावर. डोळ्यांतून पाणी काढत खाल्लंस आणि म्हणालास, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती, मी अवजारखात्यात शिकाऊ इंजिनिअर, आणि तू सकाळी जोडणीखात्यात, संध्याकाळी मैदानावर.

तुमचा मेक्सिकोचा फुटबॉल संघ युरोपच्या दौऱ्यावर आला होता. दौरा संपला, संघ गेला, तू मागं राहिलास. इथल्या क्लबच्या लोकांना तुझा खेळ आवडला म्हणून. खाणीच्या गावात अनवाणी खेळलेला पोरगा, राजधानीत पहिल्या विभागात खेळलेला गडी, आणि इथं येऊन मोटारींना दारं बसवत होतास! तेव्हा इथं नुसत्या फुटबॉलवर कुणाचं भागत नव्हतं. कामाची पाळी, मग सराव, रविवारी सामना. मी एकदा विचारलं, "तुला राग नाही येत?" तर म्हणालास, "दार बसवणं म्हणजे बचावच की. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

तुझा खेळ मी बघितलाय, रामभाऊ. माझ्याइतका या गावात कुणी बघितला नसेल. आमच्या कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ आहेत, सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा दुकानं बंद करून मैदानावर. त्यामुळं मला कळायचं तू काय करतोयस ते. बाकीचे बचावपटू धावत जाऊन आडवे पडायचे, पाय घालायचे, लोक टाळ्या वाजवायचे. तू पडायचाच नाहीस. "जो पडला तो उशिरा पोचला," म्हणायचास. चेंडू यायच्या आधी तू तिथं उभा. जसं काही कुणी तुला कालच सांगून ठेवलं होतं! आणि मी वरून बोंबलायचो, "सोडू नको रे!" आणि तू खालून, "आलो रे!" पुढं पुढं तुमचा जर्मन गोलकीपरसुद्धा चेंडू पकडायला निघाला की "आलो रे" ओरडायचा. त्याला वाटायचं ते स्पॅनिश आहे.

तो सामना आठवतो? देशात गाजलेला तो आघाडीवीर आला होता, सगळं गाव लोटलं होतं. सबंध सामन्यात तू त्याला चेंडूशी एकटं सोडलं नाहीस. हळूच त्याच्याशी गप्पा मारत होतास, स्पॅनिशमध्ये, त्याला एक अक्षर कळत नसताना. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? 'आघाडीवीराला आज सूर सापडला नाही.' तुझं नाव कुठंच नाही! मी तो पेपर चुरगाळला, आणि तू हसत बसलास. मला तेव्हा तुझा रागच आला होता. एवढं कसं रे पोटात घालता येतं माणसाला?

मग गुडघा गेला. नवी मोठी लीग सुरू झाली, तिथं पगारी खेळाडू आले, आणि तुझ्या वयाच्या, तुझ्या गुडघ्याच्या माणसाला कुणी विचारलं नाही. तू कारखान्याच्या संघात खेळायला लागलास. तिथंही मैदानात उतरताना गवताला हात लावून क्रूस करायचास, तसाच. तुझ्या पलंगाच्या वर ती निळ्या शालीतली देवीआई होती. नोव्हेंबरात तू वडिलांच्या फोटोपुढं पाणी आणि पाव ठेवायचास. म्हणायचास, "आज माझी आई त्यांच्या थडग्याशी जेवण घेऊन बसली असेल, सकाळपर्यंत." आणि मी काय म्हणायचो? "अरे, आमच्याकडंही पितरांना पान वाढतात! आपण सारखेच!"

सारखेच! तिखट सारखं, मक्याची भाकरी सारखी, आई सारखी. सगळं सारखं निघालं की आपल्याला कोण आनंद व्हायचा. त्या आनंदानंच घात केला, गड्या.

माझे वडील गेले तेव्हा पत्र इथं पोचेपर्यंत तिकडं सगळं उरकलं होतं. थोरला मुलगा मी, आणि अग्नी दिला चुलतभावानं. तू दोन दिवस कामावर गेला नाहीस, माझ्याजवळ बसून राहिलास. मी तुला सगळं सांगितलं, चिता, अस्थी, पंचगंगा. तू विचारलंस, "मग आता तू जाऊन बसणार कुठं?" मी म्हटलं, "बसायला कशाला लागतं? माणूस मोकळा झाला." तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, तुला पटलं. अरे, पटलं असतं तर तू बोलला असतास ना! तू गप्प बसायचास ते माझं मन राखायला, हे इतक्या वर्षांत मला कळू नये?

आणि मग या फेब्रुवारीत, बर्फावरून सायकल घसरली. कामावरून घरी येताना. आयुष्यभर मैदानात न पडलेला माणूस तू! दवाखान्यात तू पुन्हा डोळे उघडलेच नाहीस. काही सांगितलं नाहीस, काही मागितलं नाहीस.

तुझ्या कागदांवर आईचा पत्ता होता तिथं मी तार केली. ती तर लेकीकडं दुसऱ्या गावी राहायला गेली होती, तार फिरत बसली. इकडं कचेरीतला माणूस विचारायला लागला, "आल्झो, एर्डे की फॉयर?" माती की आग? त्याला उत्तर हवं होतं. मी चौकशी केली तर कळलं की इथं थडग्याची जागासुद्धा कायमची नसते, काही वर्षांनी मुदत संपली की दुसऱ्याला देतात. माझ्या तर अंगावर काटा आला. तुला या थंड मातीत पुरायचं, आणि उद्या कुणी तुला उठवून जागा खाली करायची? थंडीनं तू किती चिडायचास! रक्षा असली तर घरी तरी नेता येईल, असंही मनात आलं.

त्यानं विचारलं, "मृताचे कोण?" मी म्हटलं, "भाऊ." त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, तुझ्या फोटोकडं पाहिलं. दोघंही सावळे, दोघंही काळ्या केसांचे. लिहून घेतलं. मी सांगितलं, "फॉयर." मान वर करून सांगितलं, रामभाऊ! फ्राऊ केलरनं घरी विचारलं होतं मला, "अहो, पण तो काटोलिश, कॅथलिक होता ना? त्यांच्यात पुरतात." मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, मी त्याला ओळखतो, तुम्ही नाही.

भट्टीचं लोखंडी दार लागेपर्यंत मी तिथं उभा होतो. अग्नी द्यायला तर मिळतच नाही इथं, पण त्या माणसाच्या मिनतवाऱ्या करून मी दारापर्यंत गेलो. हात जोडले. तुला खरं सांगतो, बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. वडिलांचं राहिलेलं करून टाकलं, असं वाटलं. आता लाज वाटते ती याचीच. तू माझा दोस्त होतास, आणि मी तुला माझ्या वडिलांच्या जागी चितेवर ठेवून मोकळा झालो.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुझ्या आईची तार आली. 'मी येते. तोवर थांबा.'

थांबा!

ती आली आहे तेव्हापासून मला तिच्यासमोर मान वर करता येत नाही. तुझ्यासाठी पांढरा सदरा आणलाय तिनं. रुमालात तुझ्या वडिलांच्या थडग्यावरची माती बांधून आणलीय. तुझ्याकडून शिकलेल्या माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी तिच्याशी बोलतो, आणि ती विचारते, पायात बूट घातले होते ना? हातात माळ दिली होती ना? मी म्हणतो, हो, हो. आणि काल म्हणाली, वडिलांच्या शेजारी तुझी जागा राखून ठेवलीय, तुला इथून उचलून घरी न्यायचंय, त्याला काय काय करावं लागतं? मी उठून चुलीपाशी गेलो आणि उगाच चहाचं भांडं घासत बसलो.

निघताना फ्राऊ केलर हळूच म्हणाली, "सांगा ना, की कचेरीचा हुकूम होता. जर्मन कचेरीबद्दल माणूस काहीही खरं मानतो." बाई वाईट नाही. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. मी आरशासमोर स्पॅनिशमध्ये ते वाक्य म्हणूनसुद्धा पाहिलं. नीट जमलं. इतकं नीट माझं स्पॅनिश आजवर कधी जमलं नव्हतं.

बस आली. पुढचं नंतर लिहितो.

संध्याकाळ

रामभाऊ, सांगितलं.

बादलीतली फुलं घेऊन ती दारात उभी होती, डोक्यावर काळी ओढणी. मी म्हटलं, बसा आई. ती बसेना. तिला कळलं असावं. मी फ्राऊ केलरकडं पाहिलं, तिनं मान हलवली, म्हणजे कचेरीचा हुकूम होता असं सांगा. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, पण तुझी आई माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे अगदी तुझे आहेत रे. मी सांगून टाकलं. मातीत नाही, आगीत. हा शब्द मला स्पॅनिशमध्ये येत होता, चुलीपाशी तूच शिकवला होतास.

तिनं विचारलं, "कुणी सांगितलं तसं करायला?"

"मी."

"त्यानं सांगितलं होतं?"

इथं नाही म्हणायला मला फार वेळ लागला. पण म्हटलं. "नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. फुलं टेबलावर ठेवून तुझ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फ्राऊ केलर मला म्हणाली, "काय मिळवलंत?" मी फुलांची देठं कापत बसलो.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्या खूप वर, आणि तळवा चौकटीवर टेकवला. "एवढा होता," म्हणाली. "तू त्याला केवढा केलास?"

मला दाखवावं लागलं. दोन्ही हातांनी. अस्थिकलश केवढा असतो ते मी तुझ्या आईला हवेत धरून दाखवलं, आणि ती माझ्या दोन हातांमधल्या त्या जागेकडं बघत राहिली. मला हात खाली घेता येईनात. लाजेनं मरावं असं लोक म्हणतात ना, ते उगाच नाही म्हणत.

क्षमा मागितली नाही मी. कुठल्या तोंडानं मागू? तिनंही दिली नाही. तुझ्याकडंही मागत नाही, तू देऊन टाकशील. तुझा तो वाईट स्वभावच आहे.

रजेचा अर्ज उद्या देतोय. तुझ्या आईबरोबर मीही येणार, तुझ्या गावी. कचेरीत ठेवलेला कलश त्यांच्याच हातून पाठवून मोकळा होणार नाही. तुझ्या गावच्या लोकांना, तुझ्या बहिणीला, तुमच्या पाद्र्याला मीच सांगणार, हे मी केलं, ह्या हातांनी. ते जे म्हणतील ते ऐकून घेणार. आणि तुझ्या वडिलांच्या शेजारची ती जागा मी खणणार, दुसऱ्या कुणाला कुदळ धरू देणार नाही. कलश लहान आहे म्हणून खड्डा लहान खणणार नाही, रामभाऊ. चौकटीवर जिथं तुझ्या आईचा हात होता तिथं मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय. तेवढा लांब खणीन. पुऱ्या माणसाचा.

तुझा,
सदा