ढब्बूच्या गोळ्या कोणी द्यायच्या

मी, कुमार गजानन टिपणीस, वय ७१, निवृत्त क्रेन मेकॅनिक, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराचे मात्र आता काही खरे नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझी पत्नी पद्मजा हिला मिळाव्यात. चिरंजीव निनाद याने तिला पुण्याला हलवण्याची घाई करू नये.

२. न्हावा शेवा बंदरात वापरलेले पाने, पकडी आणि मोठा जॅक निनादला. त्याने ते वापरावेत, शोकेसमध्ये मांडू नयेत.

३. आमचा कुत्रा ढब्बू पद्मजाकडेच राहील. हे कलम लिहिताना मला लाज वाटते. सोसायटीचा सेक्रेटरी असताना ‘कुत्रा भुंकल्यास मालक जबाबदार’ ही सूचना मीच लावली होती. आणि वीज कडाडली की सगळ्यांत जास्त आमचाच ढब्बू रडायचा. चारचौघांत तोंडघशी पडू नये म्हणून मी एका ओळखीच्याकडून गुंगीच्या गोळ्या आणल्या. गोळी दिली की तो गप्प पडायचा. शेजारचा हरेश विचारायचा, “काका, कुत्रा घरात नाय का? आवाज येत नाय.” मी मिशीवर ताव द्यायचो. पद्मजा म्हणायची, “अहो, तो झोपलेला नाहीये. डोळे बघा त्याचे.” मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. दोन पावसाळे असे गेले.

शेवटी तीच त्याला प्राण्यांच्या डॉक्टर चारुता यांच्याकडे घेऊन गेली. मी नुसता पिशवी धरून मागे. त्या म्हणाल्या, “या गोळीने अंग लुळं पडतं, काका. भीती जात नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त पळता येत नव्हतं.” घरी आल्यावर मी ढब्बूसमोर बसलो, तर त्याने माझा हात चाटला. चावला असता तर बरे वाटले असते.

४. पावसाळाभर डॉ. चारुता यांनी लिहून दिलेली त्याची रोजची गोळी चुकवू नये. आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधी, भीती कमी करणारी दुसरी गोळी द्यावी. ती द्यायला उशीर झाला तर हिरडीला लावायचे जेल आहे. प्रमाण डॉ. चारुता ठरवतील. माझ्या झोपेच्या गोळ्या त्याला कोणीही देऊ नयेत. आणि औषध दिले, काम झाले, असे म्हणून उठून जाऊ नये.

५. हरेशने दिवाळीत आमच्या खिडकीखाली लावलेली फटाक्यांची माळ मी विसरलेलो नाही. त्याला काही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलही म्हणतात. छान जमले.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला कळते. तरी हे कलम पद्मजा आणि निनाद यांना मी आजच वाचायला देत आहे. शेवटी इस्पितळात मलाही गुंगीचे औषध देतील. मी हलणार नाही, बोलणार नाही. ‘बाबा शांत आहेत’ असे म्हणून कोणी चहाला जाऊ नये. मागायचा हक्क मला उरलेला नाही, तरी मागतो. माझ्याजवळ बसा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) कुमार गजानन टिपणीस

साक्षीदार:
१. हरेश दाजी म्हात्रे (सही)
२. बळीराम शिवा घरत (सही)

पनवेल, दि. १४ मे २०२५