बोटीचं इंजिन आणि मामांची मान

लालबाग, मुंबई
श्रावण वद्य तृतीया

तीर्थस्वरूप गुणाजीमामांच्या पायांशी भाचा जयवंत याचा साष्टांग नमस्कार. (नुसत्या नमस्कारात वाकलेला माणूस लगेच उठतो. साष्टांगात जरा वेळ लागतो, आणि हे पत्र तुमचं वाचून होईपर्यंत मी उठणार नाही.)

सर्वांत आधी तुमची मान कशी आहे ते कळवा. मामी फोनवर म्हणाली की उशी बदलल्यापासून मान धरली आहे आणि कोणी हाक मारली तर तुम्ही अख्खे वळता. कुठल्या बाजूला धरली आहे हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं. तर डावीकडे कितपत वळते ते आठवणीनं लिहा. पार खांद्यापर्यंत वळत असेल तर देव पावला. गावी निघालेल्या शेजाऱ्याबरोबर हे पत्र पाठवतोय, त्याच पिशवीत तुमच्या भाचेसुनेनं, सीमानं, निर्गुडीचं तेल ठेवलंय. ते रोज चोळा, डाव्या बाजूला थोडं जास्त चोळा. बाकी आम्ही इकडे सुखरूप आहोत. सीमा बरी आहे, चाळीचा जिना अजून उभा आहे, आणि खाली मसाला कुटायचे डंक सुरू झाल्यामुळे सगळी चाळ सकाळपासून शिंकते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता, मामा. पत्रात माझं पूर्ण होईपर्यंत तुम्हाला गप्प बसावं लागतं, आणि या विषयात तेच बरं. विषय अर्थात आपल्या जीपचा आहे.

शिमग्याला मी घरी आलो होतो तेव्हा मीच म्हणालो, की पेट्रोल पिणारी ही गाडी तुम्हाला एक दिवस बागेसकट पिऊन टाकेल, तिला डिझेलचं इंजिन बसवून घ्या, लालबाग-परळात मिळत नाही अशी वस्तू नाही. हे वाक्य मी जेवण झाल्यावर बोललो होतो आणि जेवणानंतर माणूस काय वाटेल ते बोलतो. पण तुम्ही ते मनावर घेतलंत, स्वतः गाडी चालवत मुंबईला आलात, चाळीच्या अंगणात ती लावलीत, बॉनेटवर नारळ फोडलात आणि एसटीनं परत गेलात. जाताना म्हणालात ते मी विसरलेलो नाही. मूर्तिकाराच्या शाळेतून बाप्पा दरवर्षी आपल्या जीपमधून घरी येतो, गाडी तुम्ही चालवता, मागे मामी बाप्पाला धरून बसते. गाडी चतुर्थीच्या आत आली नाही तर गावात उरतो फक्त घाड्यांचा टेंपो. आणि बांधावरून घाड्यांशी तुमचं बोलणं बंद आहे. "बाप्पा येतलो तर माझ्या जीपीतना, नाय तर माझ्या टकलेर बसान," असं तुम्ही भर अंगणात, चाळीतल्या सगळ्यांसमोर म्हणालात. घाटीचा चढ, पाऊस, आणि तुमची ही मान. माझ्या जिवाला तेव्हापासून घोर लागलाय.

तर इंजिनाची शोधाशोध. लालबागमध्ये चिवडा मिळतो, मसाला मिळतो, मखर मिळतं, बाप्पासाठी हवं ते सगळं मिळतं. जुन्या जीपला बसेल असं डिझेल इंजिन मिळत नाही. परळला एक मिस्त्री भेटला, त्यानं जीपकडे बघून हात जोडले (गाडीला की मला, ते समजलं नाही). शेवटी एका सकाळी सीमा दारात मासळी घेत होती आणि मी जीपवरून तिचं डोकं खात होतो. पापलेट साफ करता करता कांताबाई म्हणाल्या की इंजिन त्यांच्या ओटीवर पडलंय. कांताबाई म्हणजे वरळी कोळीवाड्यातून आमच्या चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या. नवरा गेला, मुलगा नाही, होडी मोडीत निघाली. इंजिन मात्र त्यांनी विकलं नव्हतं. ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं आणि दर नारळी पौर्णिमेला पुसून, हळदकुंकू लावून त्याला नारळ देत होत्या. का कोण जाणे, मला द्यायला तयार झाल्या. बहुधा कोकणातली गाडी, गणपतीला लागणारी, हे ऐकून. अट एकच: नारळी पौर्णिमेला इंजिनाला त्याचा नारळ मिळाला पाहिजे, मग ते कुठेही असो. मी हो म्हणालो. मामा, तुमच्या वतीनं हो म्हणालो हे इथंच सांगून टाकतो.

बसवायचं काम कांताबाईंचा पुतण्या जगदीश याच्याकडे गेलं, आणि जीप वरळी कोळीवाड्यात. कोळीवाड्यातल्या निम्म्या बोटींची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली आहेत. आत्मविश्वास एवढा, की पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, जीप किती माणसं घेऊन बुडते? बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं आणि जीपच्या खाली समुद्र नसतो, हे त्याला पटवायला दोन चहा लागले. तो मागच्या सीटवर खाऱ्या पाण्याचं पिंप ठेवायला निघाला होता. शेवटी रेडिएटर बसला. चेसिस कापली, जोडली, पुन्हा कापली. मी रोज ऑफिस सुटलं की तिथं जाऊन उभा राहत असे आणि समजल्यासारखी मान हलवत असे. (मला गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण मान हलवायला परवाना लागत नाही.)

आणि इंजिन सुरू झालं. ते कसं सांगू? डुगडुगडुग, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, पुन्हा डुगडुगडुग. कांताबाई घरात भाकऱ्या थापत होत्या. पिठाच्या हातानं, अनवाणी, बाहेर आल्या आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. जगदीश इंजिन बंद करायला गेला तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमचा मानूस दर्यावरनं आयला का असाच आवाज यायचा रं. मी चुलीवर आदन ठेवायची."  मामा, मी आपला बॉनेट पुसत राहिलो.

त्यानंतर जगदीशनं पहिला गिअर टाकला.

जीप मागे गेली. मागे बायका जाळी पसरून दुरुस्त करत बसल्या होत्या. बायका उठल्या, जाळी राहिली. जगदीश म्हणाला गिअर चुकला, आणि त्यानं दुसरा टाकला. जीप जास्त जोरात मागे गेली. (मासेमारी बंद होती, त्यामुळे या हंगामात वरळीच्या जाळ्यात सापडलेला पहिला मासा म्हणजे तुमची जीप.) मग खुलासा झाला. हे इंजिन उलटं फिरतं. बोटीत त्यानं काही बिघडत नाही, पाण्यातला पंखा उलट्या पात्यांचा बसवला की झालं. इंजिनं अशीही असतात आणि तशीही असतात, त्यात विचारायचं काय, असं जगदीशचं म्हणणं. पण जीपला पंखा नाही, चाकं आहेत. त्यामुळे आता पुढचे चारही गिअर मागे जातात आणि मागचा एक गिअर पुढे जातो, तोही वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश, आणि दहा पावलांवर इंजिन तापवून थांबणारा.

घाबरू नका, याला इलाज आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधले दोन्ही गोळे (म्हणजे डिफरन्शियल) उलटे करून बसवले की गाडी सुलटी चालते. जगदीशनं ते मला जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं आणि मलासुद्धा पटलं. फक्त तोवर नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. पौर्णिमेच्या तयारीत कोळी पाना हातात धरत नाही, आणि पौर्णिमेनंतर कोळी जमिनीवर राहत नाही. दर्या मोकळा झाला की सगळा कोळीवाडा पाण्यात. जगदीश एका मोठ्या बोटीवर इंजिन सांभाळायला गेला. गणपतीला परत येतो म्हणाला, म्हणजे त्याच्या गणपतीला येईल, आपल्या उपयोगाचा नाही. मी परळच्या त्या मिस्त्रीला गाडी बघायला नेलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि मोबाइलवर फोटो काढून आपल्या भावाला पाठवला. काम घ्यायला मात्र नाही म्हणाला. (इंजिन बदलल्याच्या परवानगीचं तुम्ही विचाराल. तुमच्या सहीचा अर्ज दिलेला आहे. तपासणीच्या दिवशी गाडी सरळ चालली पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मला योग्य वाटतं. तोवर गाडी मोठ्या रस्त्यावर आणणार नाही.)

आता आनंदाची बातमी. कांताबाईंच्या अटीप्रमाणे पौर्णिमेला इंजिनाला नारळ द्यायचा होता. त्या म्हणाल्या, होडीवर असताना ते मिरवणुकीबरोबर दर्यापर्यंत यायचं, तर आताही येऊ दे. पालखीत सोन्याचा नारळ, पुढे बाजा, आणि बाजाच्या आणि पालखीच्या मध्ये आपली जीप. पुढे जायचं तर ती तोंड मागे करूनच जाणार. म्हणजे झालं असं, की सबंध वाटभर जीपचं तोंड नारळाकडे, दिवे नारळाकडे, आणि पाठ एकदाही नाही. बायका नाचायच्या थांबून बघायला लागल्या. एका म्हाताऱ्या नाखवांनी डोळ्यांना हात लावला. म्हणाले, माणसं देवाला पाठ दाखवतात, आणि ही गाडी बघा. ही कल्पना कोणाची, असं त्यांनी मला विचारलं. मामा, माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या कोकणातल्या मामांची. वरळी कोळीवाड्यात तुमचं नाव आता फार आदरानं घेतलं जातं. तेव्हा कधी आलात तर जरा देवभोळ्या चेहऱ्यानं या.

पालखी दर्यावर पोचली, नारळ पाण्यात गेला, कांताबाईंनी दुसरा नारळ इंजिनावर ओवाळला आणि बॉनेटपुढे फोडला. जीप चालवून जगदीशची मान मात्र अशी अवघडली, की दुसऱ्या दिवशी तो एका बाजूला बघतच बोटीवर चढला.

तर एकूण सगळं उत्तम झालंय. इंजिन जोरदार आहे, डिझेल नावापुरतं खातं, आणि गाडी चतुर्थीच्या आत तुमच्या अंगणात असेल हा माझा शब्द. घाड्यांच्या टेंपोची गरज पडणार नाही. मामीला नमस्कार सांगा, आणि हे पत्र तिला वाचून दाखवताना मधला भाग गाळला तरी चालेल. कळावे, लोभ आहेच, तो गाडी पाहिल्यावरही राहावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
जयवंत

ता. क. गाडी ट्रकवर चढवून पाठवतोय, कारण महामार्गावर एवढं लांब उलटं कोणी येऊ देणार नाही. ट्रक शाळेच्या दारात उतरवेल. तिथून घरापर्यंत तुम्हालाच आणावी लागेल, तुमच्या गाडीला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला मला चालणार नाही. आता मानेचं का विचारलं ते ध्यानात आलं असेल. उजव्या हाताच्या सीटवर बसून मागे बघायचं तर मान डावीकडेच वळवावी लागते. मागे बाप्पा असेल, म्हणजे सबंध वाटभर तुमची नजर बाप्पावर. (शेजारी मामीही दिसेल, त्याला माझा इलाज नाही.) तेव्हा आजपासून सराव सुरू करा. आणि बाप्पाला पाठ दाखवायची नाही म्हणून यंदा गाडी मुद्दाम उलटी आणणार, असं गावात तुम्ही आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. घाड्यांना आधी कळेल असं बघा.

आणखी एक. ट्रकबरोबर कांताबाईही येतील. त्यांच्या टोपलीत सुके बोंबील असतील, पण गौरी जाईपर्यंत गाठ सोडणार नाही असं त्यांनी कबूल केलंय, मामीला सांगा. गणपतीनंतर जगदीश तिकडे येऊन गोळे उलटे करून देणार आहे, आणि त्यानं इंजिनाचा आवाज बदलेल का, ही कांताबाईंना धास्ती आहे. जगदीश म्हणतो बदलणार नाही. त्यांचा त्यावर भरवसा नाही, म्हणून आहे तसा एकदा नीट ऐकून घ्यायला येताहेत. तेव्हा मामा, शाळेच्या दारात गाडी सुरू केलीत की लगेच गिअर टाकू नका. थोडा वेळ तशीच डुगडुगत राहू द्या. तेवढं डिझेल माझ्याकडून.