त्या बाईने न म्हटलेलं वाक्य

अब्बा, मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायची कोणाला म्हटलं तर तुमच्याशिवाय डोळ्यांसमोर कोणी येत नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. लेकीचे अब्बू गेले त्याला चार होतील. आता घरात मी आणि लेक, इथे आखातात, मनखूल भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. गेले आठ दिवस मी दुपारभर लिफ्टचा आवाज ऐकत बसते. लेक ऑफिसातून साडेसहाच्या सुमारास येते. त्याच्या आधी आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की माझ्या हातातलं काम गळतं. ती वेळेआधी घरी आली तर तिची नोकरी गेली, असं मी मनाशी धरून ठेवलंय. तिची नोकरी गेली की तिचा व्हिसा जाईल, आणि माझा व्हिसा तिच्यावर आहे. मग दोघींना हा देश सोडायला थोडे दिवस मिळतात, तेवढेच.

तिचं काम तुम्हाला सहज कळेल, कारण ते तुमचंच काम आहे. विलायतेतल्या लहान लहान गावांची वर्तमानपत्रं आहेत. तुम्ही म्हणायचात, इंग्रजांच्या पेपरात एक टिंब इकडचं तिकडे होत नाही. त्या पेपरांची मजकूर तपासणी आता इथे होते, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका काचेच्या इमारतीत, आणि ती करणाऱ्यांतली एक तुमची नात. त्या गावांतली पेपरची ऑफिसं विकून टाकली. एका ठिकाणी म्हणे आता व्यायामशाळा आहे. जाहिराती सगळ्या फोनवर गेल्या. लोक पेपर विकत घेत नाहीत, आणि आता तर पेपरच्या साइटवरही येत नाहीत, कारण फोनला काही विचारलं की फोनच उत्तर देतो. मोठमोठ्या चॅनेलांतूनही माणसं कमी करतायत, रोज त्याच बातम्या. लेक कामाला लागली तेव्हा त्या गावांत बातमीदार होते, ते लिहायचे आणि ही तपासायची. मग बातमीदार कमी झाले. आता लिहायचं काम यंत्र करतं. नगरपालिकेचं पत्रक, शाळेची नोटीस, कोणी फोनवर टाकलेला मजकूर, हे सगळं यंत्रात घालायचं, ते बातमी बनवून देतं. लेकीने ती मूळ कागदांशी ताडून पाहायची आणि एक बटण दाबायचं. आधी त्या टेबलावर अकरा जणं होती, आता चार आहेत. तिचा साहेब इंग्रज, पूर्वी स्वतः गावोगाव फिरून बातम्या आणणारा माणूस. तो हल्ली दर अर्ध्या तासाने येऊन म्हणतो, "यल्ला, यल्ला, इट्स ओन्ली अ क्लिक." चला, चला, असं इथल्या अरबीत तो हसून म्हणतो, पण लेक सांगते, त्याचेच डोळे घाबरलेले असतात.

आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते. तिची ती ओढाताण पाहून मीच एकदा म्हटलं, "मी वाचते, तू बघ. माझे अब्बा आणि मी असंच करायचो." ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्या हातात दिला. मग मी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि तिने लॅपटॉपवर यंत्राची बातमी डोळ्यांनी बघत जायची. मी तुमच्यासारखंच सगळं सांगत वाचते, "कॉमा, फुलस्टॉप, न्यू पॅराग्राफ." ती म्हणते, "अम्मी, यू साउंड लाइक रेल्वे अनाउन्समेंट." माझं इंग्रजी तुम्हाला माहीत नाही. सातवी पास मुलगी तुम्ही इथे धाडलीत. इथे आल्यावर दुकानांची पत्रकं, नवऱ्याने घरी आणलेला पेपर आणि मग लेकीची शाळेची पुस्तकं, असं करत मी वाचायला शिकले. बोलताना अजून अडते, पण वाचताना अडत नाही. नवरा गेल्यावर घरात बसून काढायच्या इद्दतीच्या दिवसांत तर मी पुस्तकांशिवाय कशालाच हात लावला नाही. त्यामुळे लेकीने मला कामाला घेतलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, अब्बा. कोणाच्या तरी उपयोगाची झाले होते.

आता जे झालं ते सांगते. उत्तर इंग्लंडात एक गाव आहे. तिथे शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा एक म्हातारा वारला. शाळेने चार ओळींची नोटीस लावली होती, नगरपालिकेने दोन ओळी लिहिल्या होत्या. यंत्राने त्याची छान बातमी केली. मी फोनवरून शाळेची नोटीस वाचायला घेतली, पण अक्षर बारीक आणि ते मोठं होईना. लेक दमली होती. म्हणाली, "लीव्ह इट, अम्मी, हेच वाच," आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ती फोन हातात धरून डोळे मिटून ऐकत बसली. मी यंत्राचीच बातमी वाचली. शेवटी म्हाताऱ्याच्या बायकोचं एक वाक्य होतं. रोज संध्याकाळी घरी आला की तो खुर्चीत बसायच्या आधी सांगायचा, आज सगळे पोचले. ते मी दोनदा वाचलं. लेक म्हणाली, "सो स्वीट," आणि तिने बटण दाबलं.

तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. चहा ओतता ओतता मी म्हटलं, "नवरा जाऊन दोन दिवस झालेले, ती बाई पेपरवाल्यांशी बोलली तरी कशी? मला तर तेव्हा पाणी मागायलासुद्धा तोंड उघडत नव्हतं. कोणाशी बोलली ती?" लेक उठली आणि तिने सगळे कागद पुन्हा पाहिले. ती बाई कोणाशीच बोलली नव्हती. त्या गावात आता तिच्याशी बोलायला जाईल असं पेपरचं माणूसच नाही. यंत्राने ते वाक्य स्वतःच्या मनाने घातलं होतं, आणि मी ते इतक्या मायेने वाचलं की तपासायचं राहूनच गेलं.

रत्नागिरीच्या प्रेसमधला तो दिवस मला लख्ख दिसतो. मी अकरा-बारा वर्षांची आहे. शाईचा वास, छपाईच्या खिळ्यांच्या केसेस, तुमच्या चष्म्याच्या दोरीला पडलेली गाठ. साप्ताहिकात एका वैद्यांच्या निधनाचा मजकूर जायचा आहे. त्यांच्या घरून आलेल्या कागदावरचं अक्षर मला लागत नाही, आणि तुम्हाला विचारायची लाज वाटते. शेजारी त्याच प्रूफाचा दुसरा छाप पडलेला असतो. मी हळूच तोच उचलून वाचते. तुमच्या हातात प्रूफ, माझ्याही हातात प्रूफ. अर्थातच सगळं जुळतं. पेपर छापून येतो तेव्हा वैद्यांच्या मागे दोन मुलगे असतात, मुलगी नसते. कागदावर ती होती. तुम्ही मला मारलं नाहीत. संध्याकाळी पायजमा बदललात, टोपी घातलीत आणि मला घेऊन त्या बाईंच्या दारात जाऊन उभे राहिलात. म्हणालात, "चूक माझी आहे. ही लहान आहे." त्या बाई तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ते माझेही वडील होते ना?" परत येताना तुम्ही एवढंच बोललात, "मूळ कागदावरचं बोट उचलायचं नाही. प्रूफ कानाला नेहमी गोडच लागतं."

मी तुमची मुलगी असून, लेकीने साहेबाला कळवते म्हटल्यावर मी काय म्हणाले माहीत आहे? त्याच आठवड्यात लंडनच्या लोकांनी पडद्यावर येऊन सांगितलं होतं की टेबलं आणखी कमी करणार, महिनाअखेर नावं कळतील. मी म्हणाले, "ती ओळ काढून टाक. खलास. कोणाला कळतंय?" ती म्हणाली, "करेक्शन टाकावं लागतं, अम्मी. दॅट्स द रूल." मी म्हटलं, "रूल करणाऱ्यांना घरी पाठवलंय त्यांनी. तू का पुढे होतेस?" हे मी म्हटलं. आणि तिने ऐकलं. ओळ काढली, खाली काही लिहिलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड बोललो.

चार दिवसांनी त्या बाईची मेल आली. गावात ऑफिस नसल्यामुळे पेपरच्या पत्त्यावर लिहिलेलं सगळं इथेच येतं. लेकीने ती मला वाचायला दिली. साधं लिहिलं होतं. माझ्या मुलाने मला फोनवर तुमची बातमी वाचून दाखवली. ते मी कधी म्हणाले हे मला आठवत नाही, त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही. पण ते अगदी त्याच्यासारखं आहे. आज उघडून पाहिलं तर ती ओळ दिसत नाही. मला ती पाठवाल का? त्याच्या अंत्यविधीला वाचायची आहे.

अब्बा, मी घाबरले. मी बाई घाबरट नाही, एकटीने मय्यत पाहिली, हॉस्पिटलच्या, पोलिसांच्या कागदांवर एकटीने सह्या केल्या. पण ही भीती वेगळी आहे. नवरा गेल्यानंतरचे ते पहिले दिवस माझेही असेच कोरे आहेत. त्यात कोणी काहीही आणून ठेवलं असतं तरी ते मी माझंच म्हणून घेतलं असतं.

म्हणूनच मी लेकीला म्हटलं, "पाठव तिला. तिला बरं वाटतंय तर आपलं काय जातं? मला कोणी असं काही दिलं असतं तर मी हात पसरून घेतलं असतं. तुझे अब्बू शेवटचं काय बोलले? एसीचा रिमोट कुठे आहे."

"बट तेच बोलले ना ते," लेक म्हणाली. "तेच तुझं आहे. शी मस्ट बी सर्चिंग फॉर हर्स, अम्मी. आपण मध्ये दुसरंच ठेवलंय. आता ती शोधायची थांबेल."

मी म्हटलं, "मोठी आलीस मला शिकवणारी." मी तांदूळ धुवायला घेतले. ती ओट्याशी उभ्याउभ्याच टाइप करत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पाठवलं." तिने त्या बाईला सगळं खरं लिहिलं होतं. हे तुम्ही म्हटलेलं नाही, यंत्राने लिहिलं, मी न तपासता जाऊ दिलं, मला माफ करा. "साहेबालाही?" मी विचारलं. "यस. त्यालाही कॉपी." तुमची नात तुमच्यासारखी दारात जाऊन उभी राहिली होती, आणि मी तिला शाबास म्हटलं नाही. मी म्हटलं, "आता बॅगा भर."

त्या बाईचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. एकच ओळ. कळवल्याबद्दल आभार, मला ते त्याच्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं. लेक ते वाचून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. साहेबाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो ओरडला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "यू डिड द राइट थिंग, हबीबी," आणि मग म्हणाला की हे लंडनला कळवणं त्याला भाग आहे. बातमीखाली आता दुरुस्ती आली आहे. नावांची यादी अजून आलेली नाही.

लेक मला धीर देते. म्हणते, पुण्यात काहीतरी मिळेल, नाहीतर रत्नागिरीत मामांकडे राहू, इन्शाल्ला काहीतरी होईल. मी तिला म्हणते, "मला माझी काळजी नाही गं. तू इथे जन्मलीस, तुला दुसरीकडे करमेल का, मला तुझी काळजी." ती माझ्या गळ्यात हात टाकते. आणि मी टाकू देते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि लेकीला वाचायलाही द्यायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. ओळ काढून टाक म्हटलं ते तिच्यासाठी नव्हतं. आपल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, मीही गेले नाही. पण कुसैसला जाणारी एक बस तुमच्या जावयाची कबर आहे त्या कब्रस्तानाच्या भिंतीला लागून जाते. मी दर मंगळवारी त्या बाजूच्या खिडकीत बसते. भिंत संपेपर्यंत त्यांच्यासाठी फातिहा पढून होते. पुढच्या स्टॉपला उतरते, रस्ता ओलांडते आणि परतीची बस धरते. हात रिकामे दिसू नयेत म्हणून येताना मेथीची एक जुडी घेते. लेकीला वाटतं, तिकडे भाजी चांगली मिळते.