आत्याची गोळी

धाकटे, उठलीस की ही चिठ्ठी वाच, एक गोष्ट सांगते. मन शांत करणाऱ्या ज्या गोळीने आत्याची कातडी सोलली आणि ती गेली, तीच डॉक्टरांनी तुला दिली. मी आत्याचं सांगितलं, तर हसले, "तिचा इथे काय संबंध?" काल तुझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. ही गोळी न सोसणं आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे. देव त्यांना क्षमा करील, मी नाही. आज त्यांच्या भरल्या वेटिंग रूममध्ये हा रिपोर्ट चाल लावून गाणार आहे, त्यांच्या हसण्यासकट. मलम फ्रिजमध्ये आहे, फोड खाजवू नकोस. आत्याचे फोड पाहिले होते, म्हणून तुझा पहिलाच ओळखला आणि गोळी थांबवून तुला इस्पितळात नेलं. तिची तेवढी आठवण ठेव.

ताई