रोडेलने घेतलं नाही ते नाव

देरा, दुबई, मार्च २००९

दर्शनाताईस भिवाचा नमस्कार,

मंदीने साईट बंद पडली, पण माझी नोकरी टिकली, असं आईला सांग. तिचा खोकला कसा आहे?

खोलीत मारामारी झाली. फिलिपिन्सचा रोडेल जेवताना बोलून गेला, की त्याला पुरुष आवडतात. त्याच्या देशात तो गुन्हा नाही, इथे तुरुंग आहे. पोरांनी लोखंडी पाइपने त्याचा जबडा फोडला. मी नुसता उभा होतो, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीही त्याच्या बरगडीत लाथ घातली. हाड मोडलेलं बुटातून कळलं.

‘तुझ्यासारखा अजून कोण आहे इथे?’ असं पोरं विचारत होती, पण त्याने माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

तू पाठवलेली मुलीची पत्रिका पाकिटात परत घातली आहे. जुळत नाही, एवढंच त्यांना कळव.

तुझा भिवा