शिक्षा निधीबाबत

श्री. बापूराव यांस,

कसबा पेठेतून दशरथचा कमरेपासून वाकून नमस्कार (मणक्याची सध्या तेवढीच परवानगी आहे). लोणी काळभोरात वहिनींचा गुडघा आणि आपली मोटारसायकल यांपैकी कोण आधी चालू लागले ते कळवावे. आपली बहीण शालन ठणठणीत असून माझ्या चुका पूर्वीच्याच उत्साहाने काढते.

पत्र लिहिण्याचे कारण असे की आमच्या खराडीच्या ऑफिसात एक यंत्र बसवले. यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसणारे नव्हे, प्रोग्रामच. आपण लिहिलेला प्रोग्राम ते वाचते, चुका दाखवते आणि वर त्याचे माहितीपत्रकही स्वतःच लिहून काढते. आजवर ही दोन्ही कामे माणसे करत, म्हणजे एक कोणी करत नसे आणि दुसरे मी करत असे. ते बसवण्याची जबाबदारी मी मागून घेतली. मी कोणत्याही कॉलेजात संगणक शिकलेलो नाही, हे आपण लग्नाच्या बैठकीत चारचौघांत विचारून घेतले होतेच. जे शिकलो ते वाचनालयातली पुस्तके उभ्याने वाचून. तेव्हा यंत्रापुढे पहिला प्रोग्राम माझाच ठेवायचा, असे मी ठरवले. आपण कामाला आहात त्या कारखान्याची हजेरी आणि पगार ज्यावर चालतो तोच. म्हटले, बघू दे त्याला निर्दोष काम कसे असते ते.

यंत्राने पानेच्या पाने आक्षेप काढले. आमच्या गटाची प्रमुख उत्कर्षा (वयाने माझ्या पुतणीएवढी, हुशार, पण मराठी बोलताना क्रियापद तेवढे मराठी ठेवते) म्हणाली, “सर, ईगोवर घेऊ नका हं, टूल फक्त सजेस्ट करतंय.” मी म्हटले, “सुचवतंय.” ती म्हणाली, “तेच ते.” तेच ते नाही, पण असो.

खरी गंमत माहितीपत्रकात झाली. मी पहिल्यापासून प्रोग्राममधल्या नोंदी मराठीत करतो, फक्त अक्षरे रोमन वापरतो. यंत्राला इंग्रजी उत्तम येते, हिंदी बरी येते आणि मराठी ते हिंदीवरून ताडते (आपले काही शेजारी करतात तसेच). एके ठिकाणी मी लिहिले होते, ‘हे का चालते ते देव जाणे’. इंग्रजीत डेव्हलपरला लाडाने ‘देव’ म्हणतात. यंत्राने छापले, ‘या भागाचे कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यास ठाऊक आहे.’ त्या दिवसापासून चौघेजण ते कारण विचारून गेले. मी गंभीर चेहऱ्याने सांगितले, की ते सांगायला वेळ लागेल.

पण पुढचे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उशिरा येणाऱ्या कामगाराचा जो पगार कापला जातो, त्या रकमेला मी प्रोग्राममध्ये नाव दिले होते ‘शिक्षा’. मराठी माणसाला यात समजावण्यासारखे काही नाही. हिंदीत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण. यंत्राने स्वच्छ, सुबक इंग्रजीत लिहिले, की कामगारांच्या पगारातून दरमहा ‘शिक्षा’ नावाच्या शिक्षण निधीसाठी कपात होते आणि जो जितका उशिरा येईल तितका त्याचा वाटा मोठा. ते पत्रक मी स्वतः तपासले. प्रत्येक स्वल्पविराम पाहिला, दोन ठिकाणी जादा मोकळी जागा होती तीही काढली. अर्थ पाहण्याचे काम यंत्राकडे दिलेले होते.

आपल्या व्यवस्थापकांनी ते न वाचता सही केली आणि सूचना फलकावर लावले. पुढचे आपणास ठाऊक आहे. कामगार समितीचा अर्ज आला, की इतकी वर्षे आमच्याकडून शिक्षणासाठी पैसे कापले, तर शिक्षण कुठे आहे? व्यवस्थापक आमच्यावर उखडले. समितीने अर्ज मागे घेतला नाही तर ते दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम विकत आणणार आहेत. उत्कर्षाने मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, हे प्रॉडक्ट गेलं तर तुम्हाला कुठल्या टीममध्ये बसवू, मला खरंच कळत नाहीये.” या वेळी मी तिचा एकही शब्द दुरुस्त केला नाही.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
दशरथ

ता. क. : समितीच्या अर्जावर पहिली सही आपली आहे. कपातही सर्वांत जास्त आपलीच आहे, हे मी प्रोग्राममध्ये पाहिले (पाहायला नको होते). आपण शब्द टाकलात तर अर्ज मागे घेतला जाईल. मेहुण्याची नोकरी राहील. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी शालनने पत्र वाचले. म्हणाली, “अहो, दादाला कशाला मागे ओढताय? निधी मंजूर झाला तर इतक्या वर्षांचा एकेकाचा उशीर हुडकून त्याचा वाटा काढायला तुमच्याशिवाय आहे कोण? विकत आणलेल्या प्रोग्रामला जुना उशीर काय माहीत?” हा मुद्दा माझ्याही मनात होता, मांडायचा राहिला. तरी वरचा ता. क. रद्द समजावा आणि अर्ज जोराने रेटावा. फक्त त्यात आपण ‘शिक्षा निधी तातडीने लागू करावा’ असे लिहिले आहे. तेथे ‘शिक्षण’ करून घ्यावे. मराठीत आहे तसा मंजूर झाला, तर व्यवस्थापकांची काहीच हरकत असणार नाही.